कावळा शिवेना

मुकुंद कर्णिकांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. पिंपळावर कावळे पुष्कळ बसले होते, खाली मात्र एकही उतरत नव्हता.

मुकुंदांचे थोरले भाऊ बापूसाहेब, निवृत्त मामलेदार, उघडी छत्री धरून पिंडाशेजारीच उभे होते. ते म्हणाले, "त्याचा जीव घरात अडकलाय. हेमलता, घर माझ्या मुलाच्या नावावर करते, असं सगळ्यांसमोर म्हण. लगेच शिवेल बघ."

नातेवाईक मुकुंदांच्या पत्नीकडे पाहू लागले. नवऱ्यामागे तिला राहतं घर तेवढंच उरलं होतं, आणि दहाव्याला दिलेला शब्द कोणी मोडत नाही.

हेमलता हायस्कूलात विज्ञान शिकवायची. ती शांतपणे म्हणाली, "म्हणते ना. पण बापूसाहेब, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. कावळा ह्यांच्या इच्छेसाठी अडलाय की तुमच्या छत्रीला बिचकतोय, हे आधी कळायला हवं. तुम्ही जरा वरच्या पायरीवर जाऊन उभे राहा. तरीही नाही शिवला, तर घर तुमचं."

"चालेल. परलोकातल्या गोष्टी तुझ्या प्रयोगशाळेत कळायच्या नाहीत," असं म्हणत बापूसाहेब ऐटीत पायऱ्या चढून गेले.

ते वर पोचतात तोच एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

गुरुजींनी हात जोडले. डोळे पुसून हेमलता म्हणाली, "बापूसाहेब, घराबद्दल ह्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. तुम्ही जरा लांब उभं राहावं, एवढीच इच्छा राहिली होती."