मोजणीची दोरी

एकदा एका नगरात घरबांधणीच्या तक्रारींसाठी नवी कचेरी उघडली. अर्ज द्यावा आणि तीस दिवसांत लेखी निकाल घ्यावा, असा नियम झाला. पूर्वी हे काम एक वृद्ध स्थपती दारोदार फिरून करीत. एकेका वादाला वर्ष लागे, लोक थकून जात. कचेरीचा प्रमुख त्यांचाच शिष्य होता. आपल्याकडे एकही अर्ज पडून नाही, याचा त्याला रास्त अभिमान होता.

तरीही एका विधवेचा अर्ज तिसऱ्यांदा आला. शेजारच्या तांबटाने छप्पर पुढे वाढवले होते आणि त्याचे पाणी तिच्या भिंतीत मुरत होते. दोनदा निकाल तिच्या बाजूने लागला, पण तांबट हटून बसला. आता छप्पर पाडण्याचा हुकूम तेवढा उरला होता. पण त्या छपराखालीच तांबटाची भट्टी होती, म्हणजे त्याचे पोट होते. सही करताना शिष्याचा हात अडला. गुरूंमागे उन्हातान्हात हिंडलेले दिवस आणि कुणाकुणाच्या ओसरीवर प्यालेले ताक त्याला आठवले, आणि त्या दिवसांसाठी जीव कासावीस झाला. तो उठून गुरूंकडे गेला.

सारे ऐकून वृद्ध मोजणीची दोरी घेऊन निघाले. भिंतीपाशी येताच त्यांनी एक टोक तांबटाच्या हाती दिले, दुसरे विधवेच्या, आणि भिंत आतून मोजायला सांगितली. माप कागदावर आहेच, असे शिष्याने हळूच सुचवले. वृद्धांनी तिकडे काणाडोळा केला. दोरी सारखी सैल पडे. वर्षभराचा अबोला, तरी अखेर ती म्हणाली, "भाऊ, जरा ताणून धरा." दोरी ताणत तांबट तिच्या स्वयंपाकघरात पोहोचला. ओल चुलीपर्यंत आली होती, पिठाच्या डब्यालाही बुरशी चढली होती. त्याने ओल्या भिंतीवरून हात फिरवला.

"वहिनी, छपराला पन्हळ मी बसवतो. उद्याच."

परतताना शिष्याने विचारले, "आचार्य, माप आपल्याला ठाऊक होतेच ना?"

"होते. तुझे निकालही बरोबर होते, बाळ, आणि तुझी मुदत माझ्या दिरंगाईपेक्षा कितीतरी बरी. पण त्याने तुझा कागद वाचला होता, तिची चूल पाहिली नव्हती. दोरी दोघांना मिळून धरावी लागते, म्हणून मी ती नेत असे. इतकी वर्षे सोबत हिंडलास, आणि तुला वाटले मी भिंती मोजतो."

शिष्य हसला. दुसऱ्या दिवशी नियमावलीत एक ओळ वाढली: सुनावणी वादाच्या जागेवर, दोघांच्या समक्ष होईल. पहिल्या सुनावणीला तो स्वतः पायी गेला. किती वर्षांनी, हे त्याचे त्यालाच आठवेना.