सहा वर्षांतलं पहिलं लाल निशाण

हजार वारांवरच्या खड्ड्यातून लाल निशाण वर आलं, आणि खडकवणच्या दरबाराची दातखीळ बसली!

लाल म्हणजे नेम चुकला. आणि नेम कुणाचा? खुद्द श्रीमंत भुजंगराव सरकारांचा! सहा वर्षं सरकार दर रविवारी दुपारी आजोबांची जाड नळीची बंदूक काढत, तीत अंगठ्याएवढ्या गोळीचं काडतूस घालत आणि माळापलीकडच्या लोखंडी पत्र्यावर बार टाकत. धुराचा ढग विरायच्या आत बँड वाजे, टाळ्या पडत, आणि दिवाण त्र्यंबकपंत दुर्बीण डोळ्याला लावून ओरडत, "मधोमध, सरकार!" मग पत्र्याजवळच्या खड्ड्यातून पांढरं निशाण येई. पंतांनी दुर्बीण बरेचदा उलटी धरलेली असे. पण मधोमध म्हणजे मधोमध!

"कोण आहे त्या खड्ड्यात?" सरकार गरजले.

स्वार दौडत गेला आणि एका पोरीला घेऊन आला. ही येसू, निशाणवाल्या हैबतीची मुलगी. बाप तापानं फणफणला होता, म्हणून आज ती खड्ड्यात बसली होती.

"लाल का दाखवलंस?"

"चुकलं म्हणून, सरकार. पत्रा वाजला नाही."

"अगं भवाने," पंत किंचाळले, "तुझ्या बापानं सहा वर्षांत कधी लाल दाखवलं होतं का?"

"नाही पंत. पण पत्राही सहा वर्षांत कधी वाजला नाही."

मानकऱ्यांनी कानांवर हात ठेवले. ऐकू येऊ नये म्हणून नव्हे. आपण ऐकलं नाही हे सरकारांना दिसावं म्हणून!

सरकारांच्या मिशा थरथरल्या. "पत्रा वाजत नाही काय? मग वाजवून दाखव! बंदूक मीच झाडणार. तू बंदुकीला हात लावायचा नाहीस, काडतुसाला नाही, पत्रा जागचा हलवायचा नाही. एकच बार! वाजला नाही, तर हैबतीची चाकरी गेली, माळावरचं घर गेलं, आणि सूर्य मावळायच्या आत बापलेक संस्थानाबाहेर! तापात असो नाहीतर तिरडीवर!"

"वाहवा! काय न्याय!" मानकरी एका सुरात म्हणाले. त्यांच्या घशातून हेच तीन शब्द निघत.

येसूनं घामेजले हात पदराला पुसले. "वाजवते, सरकार. पण दोन गोष्टी हव्यात. बार झाल्यावर कुणी टाळी वाजवायची नाही आणि बँडवाल्यांनी फुंकायचं नाही."

"आणि दुसरी?"

"स्वाराला परत पाठवा. माझं लाल निशाण पत्र्याच्या उजवीकडे दहा पावलं मोजून रोवू दे. आणि ओढ्याच्या दरडीखाली झाकलेली पाटी आहे, ती घेऊन येऊ दे."

"भाकरी असेल पाटीत! वाटेत लागेलच," पंत खिदळले. मानकरीही खिदळले.

स्वार निशाण रोवून, पाटी घेऊन आला. सरकारांनी बंदूक खांद्याला लावली.

"सरकार, पत्र्याकडे बघू नका. माझ्या लाल फडक्यावर नेम धरा."

"फडक्यावर?" पंत कळवळले. "शिव शिव! सरकारांचा नेम, आणि तो चिंधीवर!"

"पंत, तोंड बंद!" सरकार म्हणाले आणि त्यांनी बार टाकला.

धूर झाला. सवयीनं तीन मानकऱ्यांचे हात टाळीसाठी उठले आणि हवेतच थिजले. माळ चिडीचूप. पंतांनी एक आवंढा गिळला. दुसरा गिळला. तिसरा गिळणार, तोच लांबून आवाज आला:

ठण्ण!

सहा वर्षांत पहिल्यांदा! सरकार बंदूक टाकून उभेच राहिले. "पोरी, ही काय जादू?"

येसूनं पाटीवरचं फडकं काढलं. आत अंगठ्याएवढ्या, चेपलेल्या गोळ्या खच्चून भरल्या होत्या.

"माळावर पडलेलं शिसं वेचायचा हक्क निशाणवाल्याचा. ते वितळवून आम्ही भोयांच्या मासे धरायच्या जाळ्यांना वजनाचे मणी करतो. सहा वर्षांत पत्र्याखाली एक कण मिळाला नाही, सरकार. सगळ्या गोळ्या डावीकडे दहा पावलांवर, दरडीत. दुपारचा खिंडीतला वारा त्यांना तिकडे नेतो."

"म्हणजे मी सहा वर्षं चुकतोय?"

"छे! सगळ्या गोळ्या एका सुपाएवढ्या जागेत सापडतात. असा हात सात संस्थानांत नसेल! सरकारांचा नेम एकदाही हलला नाही, कारण तो हलवायला हवा हे कुणी सांगितलंच नाही. पहिल्याच रविवारी लाल निशाण आलं असतं, तर दुसऱ्या रविवारी पत्रा वाजला असता!"

"हैबतीनं का नाही दाखवलं?"

"बाबाला पांढऱ्याचा हुकूम होता, सरकार. मला तो द्यायचा पंत विसरले!"

सरकारांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी दुर्बिणीकडे पाहिलं. आणि सरकार असे हसले, की बँडवाल्यांना वाटलं, आता वाजवायला हरकत नाही!

"हैबतीचं घर आणि हा माळ वंशपरंपरा तुमचा! वैद्यांना आत्ता पाठवा त्याच्याकडे. आणि पंत, ती दुर्बीण पोरीच्या हातात द्या. पुढच्या रविवारपासून खड्ड्यात तुम्ही बसायचं!"

येसूनं दुर्बीण घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि डोळ्याला लावली. सरळ बाजूनं.