कुठली जाऊ?

एक होता राजा. तो आता झोपलाय, त्याला झोपू दे. गोष्ट त्याची नाहीच. गोष्ट आहे त्याच्या राज्यातल्या अगदी कडेच्या गावची, आंबेखिंडीची, आणि तिथे राहणाऱ्या हौसाची. गुंड्या, पाय आत घे. तुझ्या पायांवाटे थंडी शिरते पांघरुणात.

तर ही हौसा अशी हसायची, की फळीवरची भांडी वाजायची. खोटं नाही सांगत. ती खुदकन हसली की वाट्या किणकिणायच्या आणि मनापासून हसली की हंडा घुमायचा. शेजारणी ओरडायच्या, "हौसे, जरा बेतानं हस गं, विरजण मोडतंय आमचं!"

हौसाच्या घराला लागून तिच्या थोरल्या जावेचं घर. जाऊ म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? नवऱ्याच्या भावाची बायको. तिचं नाव द्वारका. या दोघींचं एकदा भांडण झालं. कशावरून? तर उडदाच्या पापडाच्या लाट्यांवरून. परातीतल्या लाट्या कोणीतरी मटकावल्या. ही म्हणे तू, ती म्हणे तू. पापड झाले, वाळले, तळून खाऊनसुद्धा संपले, पण अबोला काही संपेना. मग दोघींच्या अंगणात भिंत घातली. आणि ती भिंत साधी नव्हती, बरं का. दोघी जितक्या गप्प राहायच्या, तितकी ती वाढायची. वाढता वाढता एवढी उंच झाली, की कावळ्याला पलीकडे उडायचं तर मध्ये एकदा टेकून दम खावा लागे.

मग एकदा काय झालं, हौसाचा नवरा बैलांचा तांडा घेऊन मीठ आणायला समुद्राकडे गेला. आणि मागे हौसाच्या घरात सावट आलं.

दिसायला राखेसारखं करडं. आलं तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढं. आधी चुलीपाशी बसलं, मग मांडीवर बसलं, मग मानेवर चढलं. का आलं म्हणाल, तर मला ठाऊक नाही. हौसालाही नव्हतं. तिनं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. ते आलं, एवढंच. दुसऱ्या कुणाला ते दिसत नव्हतं. वजन मात्र हौसाच्या मानेला कळत होतं.

मग भांडी वाजायची थांबली. मग भाकरी तव्यावरच करपायला लागली. मग वेणी घालायचंही राहून जाऊ लागलं. सावट फुगून रेड्याएवढं झालं आणि तिच्या कानाशी बोलायला लागलं.

"तुझं ओझं झालंय सगळ्यांना. तू नसलीस तर कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही. चल, जाऊ."

कुठे? तर वेशीबाहेर एक मुकं रान होतं. तिथे पाखरू बोलत नसे, पान हलत नसे. आणि त्यात शिरलेलं माणूस परत येत नसे. आईनं हाक मारली तरी नाही. इथे हसायचं नाही हं, गुंड्या. इथे गप्प राहून ऐकायचं.

"चल, जाऊ," सावट म्हणायचं. दळताना जाऊ. पाणी भरताना जाऊ. अंथरुणाला पाठ टेकली की जाऊ. हौसाला खरं तर रानात जायचं नव्हतं. तिला ते ओझं उतरवायचं होतं. पण दुसरीकडे कुठे उतरवावं, हेच तिला सुचत नव्हतं.

मग एका दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, ती कशीबशी उठली. म्हटलं, कुणाला तरी सांगावं. 'मला धरून ठेवा, हे मला म्हणतं, चल, जाऊ.' एवढंच सांगायचं. वाक्य घोकत घोकत ती निघाली. पण सावट लबाड! त्यानं तिचे सगळे शब्द गिळून टाकले आणि स्वतःचा तेवढा एक शिल्लक ठेवला.

आधी ती वैद्यबुवांकडे गेली. वैद्यबुवा खलात सुंठ कुटत होते. हौसानं तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "जाऊ."

"आत्ता आलीस आणि लगेच जाऊ?" वैद्यबुवा म्हणाले. "जीभ दाखव. हं. अपचन आहे. ही पुडी घे गरम पाण्यातून, आणि जा."

सावट हसलं. "बघ. जा म्हणाला."

मग ती पाटलीणबाईंकडे गेली. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हौसानं त्यांच्या सुपाची कड घट्ट धरली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शब्द तोच. "जाऊ."

"मग जा की!" पाटलीणबाई म्हणाल्या. "मी का धरून ठेवलंय तुला? सूप सोड, तांदूळ सांडतील. रिकामं मन आहे झालं. घरी जाऊन चार पायल्या दळण काढ, बरं वाटेल."

सावट आणखी जड झालं. हौसाची हनुवटी छातीला टेकली. आता तिला समोरची वाट दिसेना, फक्त स्वतःची पावलं दिसत होती, आणि ती वेशीकडे वळली होती.

वेशीच्या अलीकडे शेवटचं घर ठकूबाईचं. ठकूबाईच्या कानाला ऐकू कमी आणि तोंडाला उसंत नाही. आंबेखिंडीत पातेल्याचं झाकण पडलं, तर ठकूबाई राजधानीत तोफ उडाल्याचं सांगायची. ती उंबऱ्यात वाती वळत बसली होती.

"काय गं हौसे? अशी का दिसतेस?"

"जाऊ," हौसा म्हणाली. आवाज इतका बारीक, की तो तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"क्काय? जाऊ?" ठकूबाईनं वाती फेकल्या. "अगो बाई! जावेची आठवण काढतेस? भिंत उन्हाला आडवी येईपर्यंत बोलला नाहीत, आणि आज जाऊ हवी झाली! थांब, सांगते तिला!"

आणि ठकूबाई लुगडं खोचून गावात पळाली. चावडीपाशी ती म्हणाली, "हौसा जावेला बोलावतेय!" विहिरीपाशी म्हणाली, "हौसा जावेसाठी रडतेय!" आणि द्वारकाच्या दारात पोचेपर्यंत, "हौसानं जाऊ जाऊ करत अन्नपाणी टाकलं हो!"

इकडे हौसा वेशीतून बाहेर पडली. समोर मुकं रान. वाऱ्याचा आवाज थांबला. पायाखालचं गवतही वाजेना. "आता थोडंच," सावट म्हणालं. "मागे बघू नकोस. मागे कोण आहे तुझं?"

हौसानं पाऊल उचललं.

आणि मागे गावात धडाड्‌धूम! जमीन हादरली. झाडांवरचे सगळे कावळे उडाले. हौसा दचकली आणि उचललेलं पाऊल तिनं आहे तिथेच टेकलं.

वेशीतून धुळीचा लोट आला आणि त्या लोटातून आली द्वारका. हातात मुसळ, केसांत माती, कपाळभर चुना. वळसा घालायला वेळ नाही म्हणून बाईनं भिंतच पाडली होती.

"हौसे! थांब! हाका मारून मला बोलावतेस आणि मी यायच्या आत निघालीस कुठे?"

हौसानं वळून पाहिलं. तिला माणसाचा चेहरा दिसला, चुन्यानं माखलेला आणि घाबरलेला. त्या चेहऱ्यापुढे सावटाचा विळखा थोडा सैल झाला.

"तुम्हाला नव्हतं बोलावलं, जाऊबाई," ती म्हणाली. "मी नुसतं... जाऊ म्हणत होते."

"कुठे जाऊ?"

हौसानं रानाकडे पाहिलं. द्वारकानंही पाहिलं. तिच्या हातातलं मुसळ गळून पडलं. तिच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, वेडी आहेस का, लोक काय म्हणतील. सगळं तिनं गिळलं. तिनं सरळ विचारलं, "परत न येण्यासाठी?"

"हो," हौसा म्हणाली.

मग द्वारकानं काय करावं? ती तिथेच धुळीत फतकल मारून बसली, आणि हौसाच्या पदराचं टोक स्वतःच्या मांडीखाली दाबून धरलं. आता द्वारका बसली म्हणजे बसली, बरं का! राजाचा हत्ती जुंपला असता तरी हलली नसती. सावटानं पदर ओढला, खेचला, दात लावून ताणला. पदर टरटर वाजला. सुटला मात्र नाही.

"सांग," द्वारका म्हणाली. "मला घाई नाही. कणीक मळून आलेय, सुकली तर सुकली."

मग हौसा बोलायला लागली. आधी अडखळत, मग घडाघडा. द्वारका मध्ये एकदाही बोलली नाही. तिच्यासाठी हे भिंत पाडण्यापेक्षा अवघड होतं! हौसाच्या एकेका शब्दासरशी सावट आकसत गेलं. रेड्याचं वासरू झालं. वासराचं बोकड झालं. पण बोकड काही मानेवरून उतरेना.

तेवढ्यात ठकूबाईची ओरड ऐकून धापा टाकत वैद्यबुवा आले. "पोरी, माझं चुकलं," ते म्हणाले. "हे पोटाचं नव्हे, माझ्या पुड्यांचंही काम नव्हे. खिंडीपलीकडे वेणूवैदीण आहे. तिला सावटं दिसतात. आत्ताच्या आत्ता चला, बैलगाडी आणलीय मी."

वेणूवैदिणीनं दारातच हौसाच्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, एवढं थोरलं! आणि एकटीनं वाहिलंस?" ते दुसऱ्या कुणाला दिसलं, म्हणून हौसा पोटभर रडली. मग वैदिणीनं औषध दिलं आणि दर बाजाराच्या दिवशी बोलायला यायला सांगितलं. सावट काही एका रात्रीत पळालं नाही, बरं का. कधी चिमणीएवढं व्हायचं, कधी पुन्हा कुत्र्याएवढं. पण त्या दिवसांत हौसाला कुणी एकटं सोडलं नाही. पाटलीणबाई तर आपलं सूप घेऊन तिच्याच ओसरीवर तांदूळ निवडायला यायच्या. म्हणायच्या, "जा म्हणाले होते ना, आता बैस म्हणते."

आणि सावट कानाशी येऊन "जाऊ?" म्हणालं, की हौसा तोच शब्द धरून जोरात ओरडायची, "जाऊऽऽबाई!" की पडक्या भिंतीवरून द्वारका हजर, हाताला पीठ असलं तरी तशीच.

एक दिवस दोघी अंगणात पापड लाटत होत्या. द्वारका मध्येच थांबली. म्हणाली, "म्हणजे हौसे, तू मला बोलावलंच नव्हतंस? मी भिंत उगाच पाडली?"

आणि आत फळीवर एक वाटी किणकिणली.

तेव्हापासून आंबेखिंडीत रीतच पडली. कुणी मान खाली घालून "जाऊ" म्हणालं, म्हातारं असो की पोर, की ऐकणारा हातातलं काम ठेवतो आणि विचारतो, "कुठली जाऊ?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलत नाही.

हौसाचा नवरा मीठ घेऊन आला, दोन्ही घरं सुखानं नांदली. लाट्या कोणी खाल्ल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुंड्या, तू का हसतोस?

चला, डोळे मिटा. आणि ऐका. कधी मानेवर काही बसलंय असं वाटलं, तर मला हाक मारायची. सगळं सांगता आलं नाही, एकच शब्द निघाला, तरी चालेल. माझं मुसळ दाराशीच असतं. झोपा आता.