नाव नसलेल्या ओळी

“मग आता करायचं काय राहिलंय, अण्णा, तेवढं सांगा!”

यशोधनने लॅपटॉप झोपाळ्यावर आपटलाच म्हणायचा. अण्णा कारखानिसांची हयात प्रोग्रॅमिंगमध्ये गेलेली, आणि हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पोरगा हुशार, पण ताठा असा की विचारू नका. आज मात्र डोळे तारवटलेले, आवाज बसलेला.

“झालं काय?”

“म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची वेळ सांगणारं माझं ॲप. त्यात खाली जाहिरातीची पट्टी लावली. दोन ओळींचं काम, त्यात काय तपासायचं, म्हणून तसंच धाडलं. आता उघडलं की लगेच मिटतं. गोळीची घंटाच वाजत नाही. सकाळी आत्याचा फोन आला... रक्तदाबाची गोळी घेतली की राहिली, तिला काही आठवेना.”

“मग जाहिरात काढून जुनंच का नाही धाडलंस?”

आत्ता होईल, मग होईल, म्हणता म्हणता यशोधनचा कालचा अख्खा दिवस गेला होता. त्याला लाज वाटत होती आणि झोपही येत होती.

“सगळा कोड उसवून पुन्हा शिवला, अण्णा. चूक नाहीच.”

“मरताना ॲप काय बोललं?”

“चूक झाली की येतात ती नेहमीची तांबडी अक्षरं. पानभर.”

“वाच.”

तो वाचू लागला. अण्णा गुडघे चोळत ऐकत होते. तो मध्येच काही ओळी सोडून पुढे गेला, तसा त्यांनी हात वर केला.

“मधलं का गाळलंस?”

“ते माझं नाही. त्या ओळींत माझ्या ॲपचं नाव नाही. असल्या ओळी कुणीच बघत बसत नाही, अण्णा.”

“हं... वाच.”

यशोधनने सुस्कारा सोडला आणि वाचायला घेतलं. वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला. जाहिरातवाल्यांनी ॲपला दिलेला क्रमांक सापडत नाही, असं तिथं सरळ लिहिलं होतं. तो कुठल्या फायलीत घालायचा, तेसुद्धा. त्याने पट्टीचा क्रमांक घातला होता, ॲपचा राहिला होता.

“म्हणजे ॲप माझ्या पहिल्या ओळीपर्यंत पोचतच नव्हतं...”

त्याने क्रमांक घातला. ॲप उघडलं, खाली साबणाची जाहिरात झळकली. आनंद व्हायचा सोडून त्याला रडूच यायला लागलं. या खेपेला त्याने नीट तपासूनच धाडलं. मग आत्याला फोन लावून, आधी डॉक्टरांना विचार, असं बजावलं.

“कान धरतो, अण्णा. यापुढे माझं नाव नसलेली एकही ओळ सोडणार नाही.”

अण्णांनी थकून डोळे मिटले...

“पुढच्या खेपेला चूक तुझं नाव असलेल्या ओळीतच असेल, बाळा.”