एका जागी बसवणारी राख

"बाबा, सवलत एसटीच्या तिकिटात असते. शाळेत कसली सवलत? तुम्हीच सांगा!"

भंगाळे सर उंबऱ्यातूनच सुरू झाले. टेकडी चढून धाप लागली होती, पण हेडमास्तरांचा राग धापेला थोडाच जुमानतो?

झोपडीत भरदुपारी अंधार. मध्ये धुनी. धुनीपाशी भिकननाथ बाबा, आणि बाबांच्या मागे नुसता धूर.

बाबांनी चिमट्यानं एक निखारा उलटा केला.

सर बसले. सोबत आणलेल्या लोटनला त्यांनी दंडाला धरून शेजारी बसवलं. बसवलं कसलं, टेकवलं. पाचवीतलं पोरगं ते. सरांचा हात सुटला तसं उठलं आणि आढ्यावरच्या पालीकडे बघत उभं राहिलं.

"बघितलंत? वर्गात हेच. डॉक्टर म्हणतात, याचं लक्ष टिकत नाही, तो एक आजार आहे. आणि वरून आमच्या डोक्यावर परिपत्रक! याला पहिल्या बाकावर बसवा. पेपरला जास्तीचा वेळ द्या. मधूनमधून उठू द्या. हातात दाबायला चेंडू द्या. चेंडू! अहो, मी शाळा चालवतोय की जत्रा?"

"मग द्यायचं की," बाबा म्हणाले.

"एकाला दिलं की सगळा वर्ग मागणार! आमच्या वेळी लक्ष नसलं की एक छडी बसायची..."

"आणि लक्ष यायचं?"

सरांनी नाकावरचा चष्मा सारखा केला.

"निदान आवाज तरी बंद व्हायचा."

"बाबांच्या चिमट्याची एक कडी तुटलीये," लोटन मध्येच म्हणाला. "आणि ती पाल मघापासून एकाच किड्याकडे बघतेय. सर, पाणी प्यायला जाऊ?"

"हे! दिवसभर हेच! सर, पाणी प्यायला जाऊ, सर, पाणी प्यायला जाऊ! अख्खी तापी पिऊन झाली असेल कार्ट्याची, तरी तहान भागत नाही. बस खाली!"

लोटन बसला. म्हणजे, टेकला.

सोमवारी शाळेची तपासणी होती. साहेब वर्गात येणार आणि हा पठ्ठ्या साहेबांच्या बुटांशी खेळत बसणार. सरांनी ठरवून टाकलं होतं. पोरगं एका जागी बसायला लागलं तर ठीक, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हातात. लोटनची आई केळीच्या बागेत मजुरीला जाते. ती शाळेच्या पायरीवर येऊन रडून गेली होती. सरांना वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलं. पण वाईट वाटून वर्ग चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"लोक सांगतात," सर पुढे सरकले, "तुमच्या धुनीची राख जिभेवर ठेवली की वारा प्यालेलं वासरूसुद्धा एका जागी बसतं."

"बसतं."

"मग द्या याला."

"बसतं..." बाबा पुन्हा म्हणाले. "एवढंच सांगतो मी. पुढचं नाही."

"मला एवढंच हवंय."

बाबांनी चिमूटभर राख उचलली आणि हात पुढे केला. लोटनपुढे नाही, सरांपुढे.

"आधी तुम्ही."

"मी? मला काय धाड भरलीये?"

"इथली रीत आहे. दुसऱ्यासाठी मागायला आला, त्यानं आधी आपण चाखायची."

सर हसले. परिपाठाच्या वेळी डोक्यावर कावळा बसला तरी मान न हलवणारा माणूस तो. त्याला राखेचं काय भय? त्यांनी जीभ बाहेर काढली.

राख खारट होती. मागून थोडी कडू.

आणि मग... शांत.

आहाहा! सरांच्या डोक्यात दिवसभर बाजार भरलेला असे. खिचडीचा तांदूळ, गळकं छप्पर, रजेवर गेलेल्या बाई, पुण्यातला मुलगा फोन उचलत नाही. सगळा बाजार उठला. समोर एक निखारा राहिला, तेवढाच. हेच तर मी पोरांना सांगतोय जन्मभर, त्यांना वाटलं.

निखारा लाल होता. मग करडा झाला. सर बघत राहिले.

नाकावर माशी बसली. हाकलावी, असं त्यांच्या मनात आलं. हात उठला नाही. जड झाला होता असं नाही, त्याला उठण्याचं कारणच उरलं नव्हतं.

माशी डोळ्याच्या कोपऱ्यात गेली... पाणी प्याली असावी.

मुलाचं नाव काय आपल्या? सरांनी आठवून बघितलं. आठवेना. आठवेना तर आठवेना. घाबरायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण घाबरायला जायचं कोणी?

निखाऱ्याची राख झाली होती. सरांना अजून निखाराच दिसत होता.

फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, कसला तरी आवाज येत होता.

"सर, माशी. सर, तुमच्या डोळ्यात माशी. आता कानात चाललीये."

...

"सर, तुम्ही पापणी का नाही पाडत?"

...

मग डबा बडवल्याचा आवाज. मग शीळ. मग कोणीतरी त्यांच्या चष्म्याची काडी काढली, घातली, परत काढली. सर निखाऱ्याकडेच बघत होते.

"सर, पाणी प्यायला जाऊ?"

...

"सर, पाणी प्यायला जाऊ? सर? सर, जाऊ पाणी प्यायला? सर..."

सरांच्या पोटात कुठेतरी खोल, जुनी, ओळखीची अशी एक तिडीक उठली. ती छातीत आली, गळ्यात आली, राखेनं चिकटलेल्या जिभेला भिडली...

"बस खाली!"

सर ओरडले आणि स्वतःच आडवे झाले.

ऊर धपापत होतं. पाय लाकडासारखे झाले होते. शर्ट घामानं भिजून वाळला होता. लोटन तोंडाशी येऊन बघत होता आणि चष्मा त्याच्याच नाकावर होता.

"किती... किती वेळ झाला रे?"

"ऊन पार खाली गेलं, सर. मी झऱ्यावर जाऊन आलो. कितीतरी वेळा. तुम्ही हो म्हणाला नाहीत, पण नाही पण म्हणाला नाहीत."

सरांनी बाबांकडे बघितलं. बाबा तिथंच होते, निखारे उकरत.

"बाबा... तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"छान बसला होतात. कोणाला त्रास नाही, काही नाही."

सरांच्या अंगावर सरसरून काटा आला.

बाबांनी राखेची पुडी बांधली. पुढे धरली.

"ही पोराची."

सरांचा हात पुढे गेला नाही. त्यांनी लोटनला आधी जवळ ओढलं, एवढं जवळ की पोरगं कळवळलं. पुडी नको म्हणून त्यांनी मान हलवली. हलली, याचंच त्यांना रडू आलं.

"चल लोटन. सोमवारी... पहिल्या बाकावर बस."

"आणि उठावंसं वाटलं तर?"

"ऊठ, बाबा. ऊठ."

सर लोटनच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. मावळतीचं ऊन आता दारातून सरळ आत शिरलं होतं, धूर ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत. तिथं एक माणूस बसला होता.

पँट, शर्ट, खिशाला लाल पेन. डोळे उघडे. बुबुळांवर बारीक धूळ साचलेली. कानापासून खांद्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि ते जाळं श्वासाबरोबर हळूच वर जात होतं, हळूच खाली येत होतं.

सरांनी लोटनचा खांदा घट्ट धरला.

"त्यांना पण विचारलं मी, सर," लोटन हलक्या आवाजात म्हणाला. "पाणी प्यायला जाऊ म्हणून. ते काहीच बोलत नाहीत."

"बाबा... हे कोण?"

"डोंगरापलीकडच्या शाळेचे हेडमास्तर."

"मग... यांना कोणी उठवलं नाही?"

बाबांनी धुनीत एक लाकूड सरकवलं.

"ते पोराला वर्गात बसवून, एकटेच आले होते."