सिस्टरनं नाक दाबलं

“अजून किती वेळा करू, सिस्टर? अकरा वेळा केलं. अकराही वेळा नळी पहिल्या दमात आत!”

गुणवंत कोरडे टेबलावरच्या रबरी बाहुल्याकडे बघून मिशीत हसला. सरावाचाच बाहुला तो. तोंड उघडायचं, जीभ उचलायची, श्वासनळीत नळी सरकवायची. गड्याचा हात बसला होता, खोटं कशाला बोला. उद्यापासून घाटाखालच्या रुग्णवाहिकेवर त्याला जायचं होतं. पास झाल्याच्या कागदावर द्वारका सिस्टरची सही तेवढी राहिली होती.

सिस्टर म्हणजे तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत उभी राहिलेली बाई.

“माणसं काय टेबलावर चढून दम सोडतात होय रे?”

तिनं बाहुला खाली ओढला, दोन बाकांच्या सांदीत कोंबला आणि त्याच्या तोंडात साबणाचं पाणी ओतलं.

“मोरीत कोसळलाय. श्वास बंद. कर.”

एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली, तोंड मिटलं आणि स्वतःचं नाक चिमटीत धरलं.

गुणवंत पालथा पडला. मान अवघडली. फेसात काही दिसेना. नळी घातली, ती अन्ननलिकेत. हवेची पिशवी दाबली तशी छातीऐवजी बाहुल्याचं पोट फुगलं.

“एक मिनिट, सिस्टर…”

परत घातली. परत पोट.

“होतंय, होतंय! आता जाईलच…”

बाकांवर बसलेली वर्गातली पोरं सिस्टरकडे बघत उभी राहिली होती. त्यानं मान वळवली.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. सिस्टरचं उघडलं नव्हतं. तोंड लालभडक, कपाळावरची शीर टच्च, साठीचं शरीर थरथरतंय…

“अहो सिस्टर, श्वास घ्या! काय करताय!”

सिस्टरनं नुसतं बाहुल्याकडे बोट केलं.

गुणवंतच्या तोंडचं पाणी पळालं. एक हात नळीवर होताच. सुटता सुटेना. अकरा वेळा जिंकलेला हात तो…

मग टाकली त्यानं नळी. फेस ओढून काढला, हनुवटी उचलली, मास्क घट्ट बसवला आणि हवेची पिशवी दाबली.

बाहुल्याची छाती वर आली.

सिस्टरनं नाक सोडलं. एक श्वास घेतला. परत धरलं.

त्यानं पिशवी दाबली. तिनं श्वास घेतला.

दाबली… घेतला.

दाबली… घेतला.

कितीतरी वेळ असंच चाललं. गुणवंतच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, साबणाचं म्हणा हवं तर.

शेवटी सिस्टर भिंतीला धरून उठली. कागद ओढला आणि सही केली.

गुणवंतनं खाली पडलेली नळी उचलली.

“सिस्टर, पण… नळी तर गेलीच नाही.”

“नळी मागितली कुणी होती, बाळा?”