गुळवणी मागे बसले

नवऱ्याला हवी असलेली सात जणांची गाडी घ्यावी की नको, यावर महिनाभर त्याच्याशी वाद घालून मृदुला वैतागली होती. घरात माणसं सात, सगळी मोठी. शेवटी सासूबाईंना घेऊन ती शोरूममध्ये गेली.

मॅनेजर गुळवणी ऐटीत म्हणाले, "वहिनी, बायकांना गाडीतलं काय कळतं? सात जण ऐसपैस बसतात!"

"मग मागच्या रांगेत तुम्हीच बसा. एक चक्कर मारू. वाटेत फायदे सांगा."

चक्कर संपेपर्यंत गुळवण्यांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. ते कसेबसे उतरले आणि पुटपुटले, "मागची जागा तशी लहान मुलांसाठी असते."

"म्हणजे गाडी सात जणांचीच आहे," मृदुला म्हणाली, "फक्त दोघांनी मोठं व्हायचं नाही!"

दाराशी खुर्चीवर बसलेल्या सासूबाई हसत उठल्या. "चल गं, मिटला वाद. घरी त्याला मी सांगते."